उरलेल्या उजेडाचा सूर्य

मराठीत सूर्य उगवतो. बी उगवते, ज्वारी उगवते, पहिल्या पावसानंतर बांधावर गवत उगवते आणि रोज सकाळी सूर्यही उगवतो. सगळ्यांना क्रियापद एकच. कन्नडमध्ये सूर्यासाठी ‘हुट्टु’ हे क्रियापद वापरतात. म्हणजे तिथे तो रोज जन्माला येतो. सीमाभागात वाढलेल्या आमच्यासारख्यांच्या कानांवर ही दोन्ही क्रियापदे लहानपणापासून पडत आली. घरात तो उगवायचा, बाजारात जन्मायचा. आणि ऊन मात्र दोन्हीकडे सारखेच लागायचे. वर्षानुवर्षे व्याकरण शिकवूनही ‘उगवणे’ या शब्दात दडलेल्या झाडाकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. ते गेले एका इंग्रज प्राध्यापकामुळे, ज्याने सूर्य हे खरोखरच एका झाडाचे फळ आहे अशी कल्पना केली.

जे. आर. आर. टॉल्किन हे त्यांचे नाव. जन्म 1892 चा, मृत्यू 1973 चा. ऑक्सफर्ड विद्यापीठात ते जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते. 1937 साली त्यांचे ‘द हॉबिट’ आले आणि 1954-55 मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तीन खंडांत प्रसिद्ध झाले. 2001 ते 2003 या काळात त्यावर निघालेले तीन चित्रपट आपल्याकडच्या मुलांनीही पाहिले. पण या कथांच्या मागे जे पुराण टॉल्किन आयुष्यभर रचत राहिले, ते त्यांच्या हयातीत छापलेच गेले नाही. त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर याने हस्तलिखिते लावून 1977 साली ‘द सिल्मरिलियन’ या नावाने ते प्रसिद्ध केले. बेंगळुरूला नोकरी करणारा आमचा एक माजी विद्यार्थी दिवाळीला गावी आला असता ते पुस्तक माझ्या हातात ठेवून गेला. “सर, तुम्ही आम्हाला पुराणांतल्या गोष्टी सांगायचात, आता तुम्ही ही वाचा,” असे म्हणाला. मी मराठीचा एम. ए.; शब्दकोश शेजारी ठेवून, रोज चार-पाच पाने अशा बेताने वाचत गेलो.

त्या जगात आरंभी सूर्यही नाही आणि चंद्रही नाही. पश्चिमेला समुद्रापलीकडे देवतांची भूमी आहे आणि तिथे दोन झाडे उभी आहेत. टेल्पेरियनचा उजेड रुपेरी, लॉरेलिनचा सोनेरी. एकाचा उजेड चढत जातो, मग ओसरतो. तो पुरता मालवण्याच्या आधी तासभर दुसरे झाड जागे होते. त्यामुळे दिवसातून दोनदा सोने आणि रुपे एकमेकांत मिसळतात. संधिप्रकाश इतका सुंदर कल्पिलेला मी तरी दुसरीकडे वाचलेला नाही. पुढे मेल्कोर नावाची बंडखोर शक्ती उंगोलियांट या महाकाय कोळिणीला सोबत घेऊन येते. तो झाडांवर घाव घालतो आणि ती त्यांचा रस शोषून घेते. झाडे मरतात, सगळीकडे काळोख होतो.

झाडांचा अस्सल उजेड आता एकाच ठिकाणी उरलेला असतो. फेआनोर नावाच्या अत्यंत कुशल कारागिराने तो पूर्वीच तीन रत्नांत साठवलेला असतो. वृक्षवेलींची देवता यावाना त्याला म्हणते, त्यातला थोडासा उजेड मिळाला तर मी झाडांना पुन्हा जीव देऊ शकेन. रत्ने मात्र फोडावी लागणार. फेआनोर नकार देतो. लगोलग कळते की रत्ने आधीच चोरीला गेली आहेत. म्हणजे त्याने होकार दिला असता तरी झाडे वाचली नसती. तरीही तो नकार त्याच्या कुळाला पुढे पिढ्यान्‌पिढ्या भोवतो. जपून ठेवणे आणि अडवून ठेवणे यांत फरक काय, हा प्रश्न मला त्या पानावर पहिल्यांदा टोचला.

मग यावाना त्या वाळलेल्या झाडांपाशी बसून गाते आणि निएन्ना ही शोकाची देवता त्यांच्या मुळांवर अश्रू ढाळते. शेवटी टेल्पेरियनला एक रुपेरी फूल येते आणि लॉरेलिनला एक सोन्याचे फळ. त्यानंतर दोन्ही झाडे कायमची संपतात. देवांचा कारागीर आउले त्या फुलासाठी आणि फळासाठी दोन पात्रे घडवतो. फूल तो चंद्र, फळ तो सूर्य. चंद्राची नौका हाकायला टिलियन नावाचा शिकारी नेमला जातो आणि सूर्याची नौका आरियेनच्या हाती येते. ती अग्नीची कन्या. पूर्वी देवांच्या बागेत लॉरेलिनच्या दवाने फुलझाडे शिंपायची.

आपल्या मनात पहिला खटका बसतो तो इथे. सूर्य हाकणारी स्त्री, आणि चंद्र हाकणारा पुरुष! मराठीत काय किंवा कन्नडमध्ये काय, सूर्य हा ‘तो’च. पण टॉल्किन ज्या भाषा शिकवीत त्यांत नेमके उलटे आहे. जुन्या इंग्रजीत सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी. जर्मनमध्ये आजही तसेच. उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स पुराणात सोल ही बहीण आणि मानी हा भाऊ. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये तर टॉल्किन एका तळटीपेत बजावतात की एल्फ आणि हॉबिट सूर्याला नेहमी ‘ती’ असेच म्हणतात. भाषेतले एक लिंग बदलले की आकाशातले अख्खे कुटुंब बदलते, हे दोन भाषांत राहणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको.

दुसरा खटका अधिक खोल आहे. आपल्या पुराणांत सूर्याची अडचण असते ती त्याच्या अतितेजाची. संज्ञेला पतीचे तेज सोसवत नाही. ती छायेला आपल्या जागी ठेवून निघून जाते. मग तिचा पिता विश्वकर्मा सूर्याला यंत्रावर चढवून त्याचे तेज तासून कमी करतो आणि त्या तासलेल्या तेजातून विष्णूचे चक्र आणि शंकराचा त्रिशूल घडतो. बाल हनुमानालाही सूर्य फळच वाटले होते, पण ती बाळाची समजूत होती. टॉल्किनच्या जगात सूर्य हे खरोखरच फळ आहे, आणि तेही मेलेल्या झाडाचे शेवटचे. आपला सूर्य साऱ्या उजेडाचे मूळ. त्यांचा सूर्य म्हणजे उजेडातले उरलेसुरले.

उरलेल्याचे पुराण कोणाला सुचते? टॉल्किन 1916 साली फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत होते. खंदकज्वराने आजारी पडून त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते मायदेशी परतले. त्यांच्या शाळेतल्या चार जिवलग मित्रांच्या टोळक्यातले दोघे त्याच वर्षी युद्धात गेले. या पुराणातल्या पहिल्यावहिल्या कथा त्यानंतरच्या महिन्यांत वह्यांत उतरू लागल्या. मी काही कारण-परिणामाची गणिते मांडत नाही. साहित्यात ती सुटतही नाहीत. शिवाय ते श्रद्धावान कॅथलिक होते आणि बायबलच्या पहिल्या अध्यायातही प्रकाश पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो. तरी चोविसाव्या वर्षी मित्र गमावलेल्या माणसाने सकाळच्या सूर्याकडे ‘हे उरले आहे’ या नजरेने पाहिले असेल, तर ते मला समजू शकते.

पण एवढ्यावर हे पुराण थांबत नाही, आणि म्हणूनच मी हा लेख लिहायला बसलो. तो पहिला सूर्य वर येतो त्याच क्षणी, दूर पूर्वेकडे हिल्डोरियेन नावाच्या प्रदेशात, माणसाची जात प्रथम डोळे उघडते. एल्फ तिच्या कितीतरी आधीचे. त्यांच्यातल्या काहींनी झाडांचा उजेड प्रत्यक्ष पाहिलेला. त्यांच्या लेखी सूर्य ही पडत्या काळाची खूण. माणसांनी झाडे पाहिलेलीच नाहीत. त्यांना हा सूर्य म्हणजे जगाची पहिली सकाळ. गंमत अशी की तो पहिला सूर्य पश्चिमेला उगवला, म्हणून माणसांचे डोळे पश्चिमेकडे वळले आणि त्यांची पावलेही तिकडेच भटकत गेली. सूर्य एकच. एकाला तो उत्तररंग वाटतो, दुसऱ्याला नांदी.

शिक्षकांच्या खोलीत बसलो की मला हे एल्फ भेटतात. आमच्या शाळेत एके काळी आठवीच्या तीन तुकड्या होत्या. आज एक आहे आणि तिचाही पट दरवर्षी जूनमध्ये मोजताना छातीत धडधडते. जुने सहकारी भेटले की गणेशोत्सवातली व्याख्याने, वाचनालयात अंकासाठी लागणारे नंबर, नाटकांच्या तालमी यांच्या आठवणी निघतात. ते सारे मीही पाहिलेले आहे. तो उजेड खरा होता, आणि त्याच्या आठवणीत खोटे काही नाही. पण समोरच्या बाकावर बसलेल्या मुलाने त्यातले काहीच पाहिलेले नाही. घरी मराठी, गल्लीत कन्नड, मोबाइलवर हिंदी आणि पुढच्या शिक्षणासाठी इंग्रजी, हीच त्याची पहिली सकाळ. त्याला ‘तू फार उशिरा आलास रे’ असे रोज सुचवत राहिलो, तर तो ज्या उजेडात उभा आहे त्याचीच त्याला लाज वाटू लागेल.

आणि उरलेला उजेड म्हणजे दुबळा उजेड, असेही टॉल्किन म्हणत नाहीत. मेल्कोर चंद्राच्या टिलियनवर हल्ला चढवतो, पण आरियेनच्या वाटेला जाण्याची त्याची छाती होत नाही. ‘द हॉबिट’मधले तीन राक्षस पहाटेपर्यंत भांडत बसतात आणि पहिल्या किरणासरशी त्यांचे दगड होतात. फेआनोरच्या तीन रत्नांपैकी एक पुढे आकाशात तारा होऊन फिरू लागते. त्या ताऱ्याचा उजेड एका कुपीत साठवून एल्फांची राणी गालाड्रिएल फ्रोडोला देते. हजारो वर्षांनंतर, शेलॉब नावाच्या कोळिणीच्या काळ्या बोगद्यात तीच कुपी त्याच्या कामी येते. ही शेलॉब झाडांचा रस पिणाऱ्या उंगोलियांटची लेक! आईने ज्या झाडांचा उजेड गिळला, त्यांचाच थेंबभर उजेड लेकीच्या डोळ्यांना सोसत नाही. जो फेआनोरने मूठ मिटून धरला, तोच पुढे एका खुज्या प्रवाशाच्या खिशातून निघाला. उजेड कोणाच्या हातात दिला यावर बरेच अवलंबून असते.

आठवीच्या वर्गात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलीने हात वर केला. “सर, सूर्यच नव्हता तर झाडं अन्न कशी तयार करायची?” वर्ग हसला, मी हसलो नाही; कारण हाच प्रश्न खुद्द टॉल्किनना उतारवयात छळत होता. सूर्य सुमारे 460 कोटी वर्षांचा, पृथ्वीहून थोडा आधीचा, हे शाळेतले पोरही जाणते. मग झाडानंतर सूर्य ही कथा आजच्या वाचकाला कशी पटेल, या विचाराने त्यांनी सूर्य पहिल्यापासूनच होता अशी नवी मांडणी करून पाहिली. ती टिपणे 1993 साली ‘मॉर्गोथ्स रिंग’ या खंडात छापली गेली. ती मांडणी पुरी झाली नाही. 1977 च्या पुस्तकात जुने फळच राहिले.

मुलीला मी प्रकाशसंश्लेषण पुन्हा समजावून सांगितले, कारण परीक्षेत लॉरेलिन चालणार नाही. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला सुमारे 8 मिनिटे 20 सेकंद लागतात, हेही सांगितले. म्हणजे समोर दिसतो तो सूर्यही काही मिनिटांपूर्वीचाच. विज्ञान सूर्याचे वय सांगते. पुराण आपण त्याच्याकडे कोणत्या डोळ्यांनी पाहतो ते सांगते. दोन्ही तासिका वेळापत्रकात हव्यात.

गेल्या वर्षी सहामाहीनंतर मराठीचे एक शिक्षक निबंधाची वही घेऊन माझ्याकडे आले. विषय ‘माझ्या गावची सकाळ’. मुलाच्या घरी कन्नड बोलतात. आईवडिलांनी हौसेने मराठी शाळेत घातलेले. त्याने लिहिले होते, ‘डोंगरामागे सूर्य जन्मला.’ शिक्षकांनी ‘जन्मला’वर लाल शाईची रेघ मारली होती आणि गुण कापावेत का, असे विचारत होते. मी म्हटले, “गुण कापू नका. समासात एवढेच लिहा की मराठीत सूर्य उगवतो, झाडासारखा. आणि त्याचा शब्द तसाच राहू द्या.” सरांना ते फारसे पटले नाही. भाषेची शिस्त, सीमाभाग, उद्या सगळीच मुले असे लिहू लागली तर, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. आम्ही बराच वेळ बोललो. पण ज्या घरातून मराठीकडे कोणी येण्याचे काही कारण नव्हते, त्या घरातून एक मुलगा येतो आणि येताना आपला सूर्य बरोबर आणतो. त्याच्यापुढे मूठ मिटून उभे राहणे मला जमले नसते.

पुढे तो निबंध भित्तिपत्रकासाठी निवडला गेला. मुलाने स्वतःच्या अक्षरात तो पुन्हा लिहून काढला. पहिल्या परिच्छेदात सूर्य जन्मतो आणि शेवटच्या परिच्छेदात, शेतावरची सकाळ सांगताना, उगवतो. हा बदल त्याला कोणी सुचवलेला नव्हता.