राहिलेला चरा

यांच्या नोकरीमुळे आम्ही म्हैसूरजवळच्या कडकोळला राहतो. लेकीने पहिल्या पगारातून घेऊन दिलेला मोबाइल मी पर्समध्ये किल्ल्यांसोबत ठेवला आणि त्याच्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पाठीवर चरे उमटले. ती सुट्टीला येण्याआधी ते घालवायचे ठरवले.

फोन बंद केला, फटी चिकटपट्टीने झाकल्या आणि मऊ कापडावर पांढरी टूथपेस्ट घेऊन हलक्या हाताने घासले. तिच्यातली बारीक पूड प्लॅस्टिक किंचित झिजवते. पुसट चरे गेले. नखाला लागणारा एक मात्र राहिला. हा उपाय काचेवर करू नये, तिच्यावरचा लेप झिजतो. खरखरीत पाठीवरही नको, चकाकणारा डाग पडतो.

लेकीला तो चरा दिसलाच. ती हसली, ‘‘म्हणजे आई, फोन वापरतेस तर! मला वाटलं, कपाटातच जपून ठेवला असशील.’’