संकल्प आणि अवधान

ठरावीक दिवसांत ठरावीक ग्रंथ वाचून पूर्ण करण्याचे आव्हान आज नवे मानले जाते; मराठी वाचकाने ते ‘पारायण’ या नावाने फार पूर्वीच स्वीकारले आहे. ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय, सुमारे ९००० ओव्या आणि ७ दिवस. म्हणजे दिवसाला जवळजवळ १३०० ओव्या. हा वेग आस्वादाला मारक आहे, असे माझेही मत होते.

धानाची मळणी आटोपल्यावर भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातील एका गावी मी सप्ताहाला बसलो, तेव्हा स्वतःशीच एक कबुली द्यावी लागली. नववा अध्याय वर्षानुवर्षे शिकवूनही संपूर्ण ग्रंथ मी सलग कधी वाचला नव्हता. पहिल्याच दिवशी एका रूपकापाशी थबकलो. सामुदायिक स्वर पुढे निघून गेला. शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याने माझ्या पोथीतील चालू ओवीवर बोट ठेवले. विश्रांतीच्या वेळी ते म्हणाले, “अर्थ मागून येते, गुरुजी. ओवी सुटू देऊ नका.”

नवव्याच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. इझरच्या ‘अभिप्रेत वाचका’चे उदाहरण म्हणून हा भाग मी वर्गात मांडत आलो होतो. त्या रांगेत बसल्यावर, ते मागणे माझ्याकडेही आहे, हे प्रथमच जाणवले.

आवर्तने मोजण्याच्या मोहात पारायण यांत्रिक होते, हे खरेच. तथापि सोयीचे उतारे निवडण्याची अभ्यासकाची मुभा संकल्प काढून घेतो. अठराव्याला ‘कलशाध्याय’ का म्हणतात, हे मला सातव्या दिवशी, आधीचे सतरा अध्याय चढून गेल्यावरच उमगले.