घारापुरीची दुसरी टेकडी

सहल म्हणजे पैशाची उधळपट्टी, असे म्हणणारे आपल्या समाजात आजही भेटतात. त्यांचे अगदीच खोटे नाही. हातावर पोट असणाऱ्याला एका दिवसाची मजुरी बुडवून, वर भाडे भरून हिंडणे परवडत नाही. परंतु आपला इतिहास पुस्तकात थोडा आणि दगडात जास्त आहे. तो वाचायचा तर दगडापाशीच जावे लागते. म्हणून रत्नागिरीतील आमच्या वस्तीच्या महिला मंडळाने वर्षभर दरमहा वर्गणी जमवून घारापुरीची सहल ठरवली, तेव्हा जमाखर्चाचे काम मी आनंदाने पत्करले.

कोकणकन्येने रात्री निघालो ते पहाटे मुंबईत. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून रविवार धरला होता. गेटवेपासून बेट सुमारे अकरा किलोमीटर. लॉन्चने तास लागतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर लॉन्चला भीषण अपघात होऊन अनेकांचे प्राण गेले. त्यामुळे लहानथोर प्रत्येकाने लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसायचे नाही, हा नियम मंडळाने आधीच केला होता. खाडीकाठी वाढलेल्या आमच्या भगिनींना कांदळवन नवे नव्हते. परंतु एका बाजूला मुंबईच्या उंच इमारती, मध्ये मोठमोठी मालवाहू जहाजे आणि समोर झाडीने झाकलेल्या दोन टेकड्या, हे दृश्य पाहून बोलक्या बायकाही गप्प झाल्या.

घारापुरी बेट रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात मोडते. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही तीन गावे तिथे आहेत. मुंबईचे दिवे रोज रात्री डोळ्यांसमोर, पण बेटावर कायमची वीज आली ती २०१८ साली, समुद्राखालून टाकलेल्या केबलने. वाड्यावस्त्यांवर राहणाऱ्या आपल्या वाचकांना याचे फारसे नवल वाटणार नाही.

बेटावर एक तरुण गाइड घेतला. पायऱ्या चढून मुख्य लेण्याच्या दाराशी आलो, तोच आमच्यातल्या एका वयस्क आजींनी मला बाजूला बोलावले. म्हणाल्या, “अरे भाऊ, आपण बावीस प्रतिज्ञा म्हणतो. ब्रह्मा, विष्णू, महेशाला मानणार नाही म्हणतो. मग ह्या महेशाच्या घरात पाऊल टाकायचं का?”

प्रश्न साधा नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञा ज्या पिढीने जिवापाड पाळल्या, त्या पिढीचा तो प्रश्न होता. मी म्हणालो, “आजी, प्रतिज्ञा पूजेची आहे, पाहण्याची नाही. बाबासाहेबांनी ज्या ग्रंथांवर टीका केली, ते आधी मुळापासून अभ्यासले. आपण हात जोडायला नाही, डोळे उघडून बघायला आलोय.” आजी क्षणभर थांबल्या आणि “चल तर मग,” म्हणून माझ्या आधी आत गेल्या.

सुमारे सहाव्या शतकातले हे लेणे. तीन मुखांची ती प्रचंड मूर्ती, नटराज, अर्धनारीश्वर सगळे पाहिले. आमच्यातले एक गवंडीकाम करणारे बांधव मात्र खांबांकडेच पाहत राहिले. म्हणाले, “आपण भिंत चुकली तर पाडून पुन्हा बांधतो. इथं छिन्नी चुकली तर काय जोडणार?” ज्यांनी हा डोंगर कोरला त्या कारागिरांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. श्रम करणाऱ्यांचे नाव पुसले जाते, हा धडा त्या अंधारात आपोआप मिळाला.

गाइडने शिवाच्या कथा रंगवून सांगितल्या. बुद्धाचा शब्दही नाही. शेवटी नववीतल्या एका मुलीने विचारले, “दादा, बुद्धाची लेणी कुठं आहेत?” तो म्हणाला, “पलीकडच्या टेकडीवर. पण पडझड झालेली आहे. तिकडे कोणी जात नाही. वरच्या तोफा बघा आणि जेवून घ्या.”

परतीची लॉन्च चुकवून चालणार नव्हते. काही जणींचे गुडघे दुखत होते, मुलांना भूक लागली होती. उभ्या उभ्या चर्चा झाली. थकलेल्यांनी सावलीत भाकरीची गाठोडी सोडावीत, बाकीच्यांनी उपाशीपोटी जाऊन यावे, असे ठरले.

पूर्वेकडील त्या टेकडीचे नावच मुळी स्तूपाची टेकडी. तिथे बौद्धांची मानलेली दोन लेणी आहेत, खडकातली पाण्याची टाकी आहेत आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा हा स्तूप, म्हणजे ती तीनमुखी मूर्ती कोरली जाण्याच्या कितीतरी शतके आधीचा. १९८७ साली युनेस्कोने घारापुरीच्या लेण्यांना जागतिक वारसा ठरवले. त्यांच्या माहितीतही या स्तूपाची नोंद आहे.

आता तो गवताने वेढलेला उंचवटा आहे. ती मुलगी हिरमुसून म्हणाली, “एवढंच?” मी तिला टाकी दाखवली. चहूबाजूंनी खारे पाणी. अशा बेटावर जो खडकात गोड्या पाण्याची सोय करतो, तो घटकाभर आलेला नसतो, राहायला आलेला असतो. सोपारा, कल्याण अशा बंदरांत व्यापारी उतरत आणि त्यांच्या वाटांवर भिक्खुसंघाचे विहार उभे राहत. घारापुरी त्याच साखळीतली कडी आहे. आम्ही तिथेच उभे राहून त्रिशरण-पंचशील म्हटले. गाइडही शांतपणे उभा होता.

उतरताना तो मला म्हणाला, “काका, आम्हाला जेवढं शिकवलं तेवढंच आम्ही सांगतो. हे कोणी सांगितलंच नाही. लिहून द्याल का?” मी काही बोलण्याआधीच त्या मुलीने वही काढली, मी सांगितले तसे अर्धे पान लिहिले आणि फाडून त्याच्या हातात दिले. मला वाटते, वर्षभराची वर्गणी तिथेच वसूल झाली. कोणी आपला इतिहास सांगत नाही म्हणून रागावणे सोपे असते. तो सांगता येण्याइतका आपल्याला माहीत असणे, हे खरे काम.

बांधवांनो, त्यासाठी मुंबईपर्यंतच जावे लागते असे नाही. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. त्यांत अक्षोभ्य बुद्धाच्या मूर्ती आहेत आणि पुढील काळातील इतर पंथांच्या खुणाही आहेत. पुरातत्त्ववेत्ते म. न. देशपांडे यांचा त्यांवरील ग्रंथ १९८६ साली प्रसिद्ध झाला. तिथे जायला लॉन्च लागत नाही, तिकिटाचा मोठा खर्चही नाही. आमच्या मंडळाची पुढची सहल तिथेच ठरली आहे. आपणही मुलांना घेऊन जा, आणि सोबत भाकरीबरोबर एक वही जरूर न्या.

जय भीम!