हंग की हँग्ड?



दरवर्षी 23 मार्चला, शहीद दिनी, आपली मुले इंग्रजीतूनही भाषणे करतात. 1931 साली याच दिवशी भगतसिंग, राजगुरू व सुखदेव यांना लाहोरच्या तुरुंगात फाशी दिली गेली. हे सांगताना बरीच मुले 'वेअर हंग' म्हणतात. तेथे 'वेअर हँग्ड' हवे.

माझे बी.ए.पर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. इंग्रजी क्रियापदांची तीन रूपे आम्ही पाढ्यांसारखी घोकली. हँग, हंग, हंग. याच क्रियापदाला आणखी एक रूप आहे, व ते का आहे, हे शिक्षक झाल्यावर शब्दकोशात सापडले.

जुन्या इंग्रजीत टांगणे व लटकणे यांसाठी वेगवेगळी क्रियापदे होती. पुढे ती एकमेकांत मिसळली. 'हंग' हे रूप सगळीकडे रूढ झाले, पण न्यायालयाच्या शिक्षेच्या भाषेत जुने 'हँग्ड' टिकून राहिले. म्हणून भिंतीवर तसबीर 'हंग', दोरीवर कपडे 'हंग', कोणालाच बहुमत नसेल तर विधानसभाही 'हंग', जिला आपण त्रिशंकू म्हणतो. फाशीची शिक्षा झालेला माणूस मात्र 'हँग्ड'. आज अनेक इंग्रज लेखकही येथे 'हंग' लिहितात, हे खरे. तरी परीक्षेत व औपचारिक लेखनात भेद पाळावा.

आपल्यालाही हा भेद परका नाही. 1859 साली तात्या टोपे यांना आपल्याच मध्य प्रदेशात, शिवपुरीला फाशी दिली गेली. त्यांना 'टांगले' असे म्हणायला कोणाची जीभ वळेल? कोट खुंटीला टांगतात.

आणि आपली मराठी तर इंग्रजीच्याही एक पाऊल पुढे जाते. 'वेअर हँग्ड' म्हटले की कोणीतरी त्यांना फाशी दिली एवढेच कळते. आपण म्हणतो, 'राजगुरू फासावर चढले'. हिंदीतही 'फाँसी पर चढ़ गए' म्हणतात. येथे कर्ता इंग्रज सरकार नाही, राजगुरू आहेत. त्यांचे धैर्य व्याकरणातच उतरले आहे.

पालकांना विनंती, की इंग्रजीसाठी घरातली मराठी बंद करू नका. ज्या मुलाला 'टांगले' आणि 'फासावर चढले' यांतले अंतर कळते, त्याला 'हंग' आणि 'हँग्ड' समजावायला एक तास पुरतो. आणि विद्यार्थ्यांनो, येत्या 23 मार्चला इंग्रजीत 'हँग्ड' म्हणा, मराठीत 'फासावर चढले' म्हणा, आणि दोन्ही वेळा मान ताठ ठेवून म्हणा.

सर्वांना शुभाशीर्वाद.

– मुख्याध्यापक