संगमाच्या अलीकडची साक्ष

कुरुंदवाडच्या घाटावर उभे राहून कृष्णेच्या पाण्याविषयी काही सांगू पाहणाऱ्याने, ते पाणी पंचगंगा मिळण्यापूर्वीचे की मिळाल्यानंतरचे, एवढे तरी आधी स्पष्ट करावयास हवे. कारण नदी तीच आणि दिवस तोच असूनही संगमाच्या वरची साक्ष संगमाच्या खाली लागू पडेलच असे नाही. २०१९ च्या महापुरानंतर या भागात जे पंचनामे झाले, त्या पंचनाम्यांचा धर्मही हाच, की डोळ्यांना दिसले ते प्रथम लिहावे आणि अनुमान मागाहून करावे. लहानपणापासून पाहिलेल्या या संगमाचा अर्थ मला उमगला तो मात्र संगणकापुढे बसलो असताना.

गेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये इथरियल या नावाने प्रसिद्ध केलेले आणि २००६ पासून वायरशार्क म्हणून ओळखले जाणारे साधन संगणकातून जाणारे-येणारे प्रत्येक पॅकेट, म्हणजे संदेशाचा छोटा तुकडा, टिपून त्यातील मजकूर कलमवार उलगडून दाखविते. टीसीपी या संदेशवहनाच्या नियमावलीनुसार धाडलेल्या पॅकेटात १६ बिटांची एक पडताळणीची बेरीज असते. धाडणारा ती मांडतो आणि वाटेत मजकूर बिघडला असल्यास कळावे म्हणून घेणारा ती पुन्हा करून पाहतो. या साधनात सहसा बंद असलेली ही तपासणी मी एके रात्री चालू केली, तो माझ्याकडून निघालेल्या बहुतेक पॅकेटांवर बेरीज चुकल्याचा शेरा; आणि तरीही पलीकडे सारे सुखरूप पोहोचत होते. साधनातच दोष आहे असे ठरवून मी त्याच्या कर्त्यांकडे तक्रार लिहावयास घेतली.

आवृत्ती कोणती, संगणकप्रणाली कोणती, काय केले असता काय घडले, काय घडावयास हवे होते, आणि सोबत टिपलेल्या पॅकेटांची फाइल, एवढा तपशील अशा तक्रारीत लागतो. माझे पहिले वाक्य होते, ‘साधन बेरजेत चुकते.’ ती हकीकत नव्हती, निकाल होता, म्हणून ते खोडून मी लिहिले, ‘माझ्याच संगणकावर टिपलेली, बाहेर जाणारी पॅकेटे सदोष दिसतात, आत येणारी निर्दोष’, आणि लेखणी तेथेच थबकली. ही बेरीज पुरी करण्याचे काम हल्ली बहुधा नेटवर्क कार्डाकडे सोपविलेले असते आणि पॅकेट टिपले जाते ते कार्डाच्या हाती पडण्यापूर्वी. म्हणजे मी पाहिले ते संगमाच्या अलीकडचे पाणी! तोच संवाद पलीकडच्या संगणकावर टिपला, तेव्हा माझ्याकडून गेलेल्या प्रत्येक पॅकेटाची बेरीज बिनचूक निघाली.

तक्रार धाडली नाही, पण तिचे लेखन वाया गेले असे मी मानीत नाही. अशी साधने सांभाळणाऱ्यांपैकी अनेकजण विनामोबदला, स्वतःच्या फुरसतीचे तास वेचून झटत असतात. खरा दोष दिसला तर तो त्यांना न कळविणे हा अन्याय, आणि आपल्या घाईचा निकाल त्यांच्या दप्तरी टाकणे हाही अन्यायच. म्हणून त्या रात्रीनंतर ज्या ज्या वेळी तक्रार लिहिली, त्या प्रत्येकीच्या पहिल्या ओळीत मी पॅकेट कोठे टिपले एवढेच नमूद केले आहे.