फाटकाचे कुलूप

टाळेबंदी म्हटले की हल्लीच्या मुलांना २०२० ची साथ आठवते. आम्हाला मात्र मुंबईच्या गिरणीचे फाटक आठवते. मालकाने कुलूप घातले की पगार बंद. नर्सिंग करताना आम्ही पाहिलेले आहे, नवरा असा घरी बसला की बाई औषधाची चिठ्ठी पदराला बांधून तशीच परत जायची.

इथे कालगुर्लीत गाव सोन्याच्या खाणींवर जगते, म्हणून इथला कायदाही समजून घेतला. २००९ च्या फेअर वर्क कायद्याप्रमाणे मालकाला आपणहून टाळे लावता येत नाही. कामगारांनी आधी संप वगैरे केला तरच उत्तर म्हणून लावता येते, तेही लेखी कळवून. नोकरी तुटत नाही, पण तेवढ्या दिवसांचा पगार बुडतो. आणि किती दिवस आधी कळवायचे, याचे बंधन नाही. क्वांटासने २९ ऑक्टोबर २०११ ला विमाने उभी करून दोन दिवसांनंतरची टाळेबंदी जाहीर केली होती. ३१ च्या पहाटे लवादाने ती थांबवली.

भारतात मात्र नव्या औद्योगिक संबंध संहितेने २१ नोव्हेंबर २०२५ पासून संप असो की टाळेबंदी, १४ दिवसांची नोटीस सक्तीची केली. इथेही तसे हवे, असे आम्हाला वाटते. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, असे आपली तोरा सांगते. मजुरी थांबवणाऱ्याने निदान घरात पीठमीठ भरून ठेवण्याइतका वेळ तरी द्यावा.