जंजिऱ्याचे दुसरे बंदर

राजुल्याहून जाफराबादकडे निघालो, तर समुद्राच्या आधी वासच आला. बांबूंवर ओळीने टांगलेले बोंबील! कोकणातली माणसे आम्ही; आम्हाला त्याचे काय नवल? नवल होते ते या गावाच्या इतिहासाचे.

काठियावाडात दोनशेहून अधिक संस्थाने होती. जुनागढ, भावनगर, नवानगर अशी मोठी थोडीच. काहींचा कारभार तर एक-दोन गावांपुरता. या दाटीत जाफराबाद मात्र तिथल्या कोणाचेच नव्हते. ते होते आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे! मध्ये तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर. खुश्कीच्या वाटेने विचार केला तर हे कोडेच वाटते. पण सिद्दींचा जोर गलबतांवर होता. मोगलांसाठी त्यांचे आरमार सुरतेपर्यंत समुद्र राखत असे. सुरतेजवळचे सचिन संस्थानही याच घराण्याच्या एका शाखेला १७९१ मध्ये मिळाले.

आपल्या मुलांना सिद्दी माहीत असतो तो किल्ल्याच्या वेढ्यांपुरता. आफ्रिकेतून गुलाम, खलाशी, शिपाई म्हणून आलेल्या लोकांच्या वंशजांनी तीन शतके राज्य सांभाळले, दूरचे बंदर चालवले, हे त्यांना कोण सांगणार? ते आपण घरीच सांगायला हवे.

१९४८ मध्ये संस्थान गेले. जंजिरा कुलाबा जिल्ह्यात आला. जाफराबाद आज गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात आहे.

बंदरावर एका बुजुर्ग मच्छीमाराला आम्ही विचारले, "चाचा, एवढे बोंबील जातात कुठे?"

"तुमच्याकडेच, मुंबईला," ते म्हणाले.